इस्तंबूलच्या एका घरातली उस्मानी चांदी: ओळख कशी पटवली, किंमत कशी ठरवली

हे प्रकरण खरं आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, नावं-पत्ते काढून टाकलेत आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील थोडे बदललेत. मी चांदीच्या धंद्यातली, कोल्हापूरकडची, हुपरीच्या कारागिरांशी लहानपणापासून संबंध. कामानिमित्त इस्तंबूलला राहते आणि तिथल्या एका जाणकार मूल्यांकनकाराबरोबर जुन्या चांदीचे रिपोर्ट करते. उस्मानी (म्हणजे ओटोमन, तुर्की सुलतानांच्या काळातल्या) चांदीवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, आणि आपले बरेच लोक तुर्कस्तानला फिरायला जाऊन "शाही शिक्क्याची" चांदी घेऊन येतात, म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला राहणारं घर. आई गेली, मागे तीन भावंडं. थोरली तिथेच राहते, मधला भाऊ पण तिथेच, धाकटी लग्न होऊन जर्मनीत. घराची वाटणी कोर्टकचेरीशिवाय झाली, अडलं ते काचेच्या कपाटातल्या चांदीवर. काय काय होतं तर एक मोठं गोल तबक, त्याच्या मधोमध सुलतानाचा भलामोठा तुघ्रा, म्हणजे सुलतानाची नाममुद्रा, कोरलेला. एक हातातला आरसा, पाठीवर उठावाचं काम. गुलाबदाणी आणि धूपदाणीची जोडी (आपल्या हळदीकुंकवाच्या गुलाबदाणीची थेट बहीण, फक्त मान जास्त उंच आणि बारीक). सहा झार्फ, म्हणजे बिनकानाच्या कॉफीच्या कपाखाली धरायचे चांदीचे होल्डर, कप गरम असतो आणि त्याला कान नसतो म्हणून. आणि काळ्या मिन्याचं काम असलेली एक सिगारेटची डबी, पूर्व तुर्कस्तानातल्या व्हान गावाकडची, आर्मेनियन अक्षरात दोन ओळी लिहिलेली.

थोरलीला तबक हवं होतं. आई कायम सांगायची की ते राजवाड्यातून आलंय. धाकटीला आरसा हवा होता, कारण तो आजीच्या लग्नातला, आणि तिला तो जर्मनीला न्यायचा होता. मधल्याचं म्हणणं सगळं विकून पैसे तीन ठिकाणी वाटा.

अडचण

आम्हाला बोलवायच्या आधी मधला भाऊ सगळ्या वस्तू एका पिशवीत घालून बाजारात फिरून आला होता. एका दुकानात सरळ तराजूवर टाकून ग्रॅमच्या हिशोबाने मोडीचा भाव सांगितला, वर तबकाच्या दर्शनी बाजूलाच तेजाबाचा थेंब टाकून कस बघितला, त्याचा करडा डाग अजून आहे. दुसऱ्या दुकानात सांगितलं की तबक सुलतान अब्दुलहमीदच्या राजवाड्यातलं आहे, सांभाळून ठेवा, योग्य गिऱ्हाईक आणतो. दोन्ही आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. तोवर थोरलीने लंडनच्या लिलावांचे निकाल काढून ठेवले होते, त्यात तुघ्रा असलेले आरसे बऱ्यापैकी किमतीला गेलेले दिसत होते, आणि मग तिघांच्या डोक्यात तीन वेगवेगळे आकडे.

मला वाटतं खरी गाठ इथेच होती. "किती मिळतील" हा प्रश्न आधी विचारला गेला, आणि "हे नक्की आहे काय" हा मागे राहिला. आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं की ओळख पटेपर्यंत कुणीही आकडा बोलायचा नाही. मधल्याला ते आवडलं नाही, पण थोरली म्हणाली थांबूया, आणि तिचं घरात चालतं.

उस्मानी शिक्के कसे वाचायचे, थोडक्यात

उस्मानी काळातल्या तपासलेल्या चांदीवर साधारण तीन खुणा शोधायच्या. एक, छोटा तुघ्रा, म्हणजे त्या वेळच्या सुलतानाची नाममुद्रा. दोन, 'साह' हा छोटा शिक्का, तपासणीत पास झाल्याचा. तीन, नागमोडी ओरखडा, तपासनिसाने कस बघायला तिथली चांदी खरवडून घेतलेली असते त्याची खूण. सोबत कधी कारागिराचा शिक्का असतो, बरेचदा आर्मेनियन किंवा ग्रीक कारागिराचा, कारण या कामात ते लोक मोठ्या संख्येने होते. सर्वसाधारणपणे तुघ्र्याची चांदी 900 च्या टंचाची, म्हणजे हजारात 900 भाग चांदी, अशी धरतात.

तुघ्रा वाचणं अवघड वाटतं पण रचना ठरलेली आहे. खाली नावांचा गठ्ठा, वर तीन उभे दांडे, डावीकडे एकात एक दोन मोठे फेरे, उजवीकडे निघालेल्या दोन रेघा. मजकूर पण ठरलेला: सुलतानाचं नाव, बापाचं नाव, आणि 'अल-मुझफ्फर दाइमा' म्हणजे सदा विजयी. घोळ होतो तो नावांचा. महमूद दुसरा (1808 ते 1839), त्याची दोन मुलं अब्दुलमजीद (1839 ते 1861) आणि अब्दुलअझीज (1861 ते 1876), मग अब्दुलमजीदचा मुलगा अब्दुलहमीद दुसरा (1876 ते 1909). म्हणजे या चौघांत 'महमूद' हे नाव तिघांच्या तुघ्र्यात येतं आणि 'अब्दुलमजीद' दोघांच्या. शिक्का चार-पाच मिलिमीटरचा, वर दीडशे वर्षं पुसून-घासून झिजलेला. त्यामुळे कुणी भिंगाशिवाय नुसतं बघून "हा अमुक सुलतान" म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही.

तबक

तबक आधी घेतलं, कारण भांडण त्याच्यावर होतं. वजन 1,450 ग्रॅम, घडण जड आणि चांगली, कडेला वेलबुट्टी. मधला तुघ्रा अब्दुलहमीदचाच, उजव्या खांद्यावर 'अल-गाझी' स्पष्ट कोरलेलं. वाचायला काहीच अडचण नाही, आणि नेमकं तेच खटकलं. हा तुघ्रा नक्षी म्हणून कोरलेला आहे, तपासणीचा शिक्का म्हणून मारलेला नाही. मागची बाजू पूर्ण पालथी घातली, छोटा तुघ्रा नाही, साह नाही, नागमोडी ओरखडा नाही. कडेच्या वळणात, काळ्या थराखाली, दोन छोटे ठसे मिळाले. एक 900, आपल्या नेहमीच्या युरोपियन आकड्यांत. दुसऱ्यात लॅटिन लिपीत एक आडनाव, आणि त्यात वरती चंद्रकोर असलेलं मऊ 'गे' (ğ) अक्षर.

या एका अक्षराने तबकाचं वय सांगितलं. तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून नवी लॅटिन वर्णमाला घेतली ती नोव्हेंबर 1928 मध्ये, आणि हे चंद्रकोरवालं अक्षर त्याच वर्णमालेतलं. वर आडनाव. आडनावं सक्तीची करणारा कायदा 1934 चा. सल्तनत बरखास्त झाली 1922 साली. म्हणजे तबक घडलं तेव्हा सुलतान जाऊन किमान एक तप तरी उलटलं होतं. त्यात खोटेपणा काही नाही, प्रजासत्ताकाच्या काळात जुन्या आठवणीने तुघ्रा कोरलेल्या वस्तू भरपूर बनल्या, आजही बनतात. फक्त ते राजवाड्यातलं नाही.

खात्रीसाठी एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातूत काय काय आहे ते सांगणारं यंत्र) पण घेतलं. जुन्या चांदीत बहुतेक वेळा सोन्याचा आणि शिशाचा थोडा अंश राहिलेला असतो, कारण जुन्या पद्धतीच्या शुद्धीकरणात तो पूर्ण निघत नसे. विजेवर शुद्ध केलेल्या अलीकडच्या चांदीत तो जवळपास दिसत नाही. तबकात चांदी 90 टक्क्यांच्या आसपास, बाकी तांबं, सोनं नाही. शिक्का जे सांगत होता तेच धातूने सांगितलं.

थोरलीला हे सांगणं सोपं नव्हतं. आम्ही तिला भिंग दिलं, ते अक्षर स्वतः बघायला लावलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आईला कुणीतरी सांगितलं असणार, तिने आपल्याला सांगितलं." नंतर तिने परत राजवाड्याचा विषय काढला नाही.

आरसा

मला सगळ्यात जास्त जीव लागला तो याच्यात. पाठीवर गुलाबांचा गुच्छ, त्याला बांधलेली रिबीन, कडेने पानांची माळ, सगळं मागून ठोकून उठवलेलं आणि पुढून बारीक छिनीने साफ केलेलं. असे आरसे भिंतीला टांगताना काच भिंतीकडे आणि चांदीची पाठ खोलीकडे ठेवायची पद्धत होती, म्हणून सगळी मेहनत पाठीवर. उठावाच्या उंच भागावर, म्हणजे गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोकाला, झीज होती, आणि खोलगट जागी काळं बसलेलं होतं. झीज जिथे हात लागतो तिथेच होती, मुद्दाम जुनं करायला सगळीकडे सारखी घासलेली नव्हती.

कडेला तिन्ही खुणा. नागमोडी ओरखड्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. खरा ओरखडा हत्याराने चांदी उचलून काढलेली असते, त्यामुळे चरात बारीक बारीक पायऱ्या दिसतात, चराची रुंदी थोडी कमीजास्त होते. खोट्यात बरेचदा तो ठशासारखा दाबलेला असतो, कडा बाहेर ढकललेल्या आणि प्रत्येक वळण एकसारखं. इथे दहापट भिंगाखाली पायऱ्या दिसल्या, चराच्या आतली काळपट छटा बाहेरच्यासारखीच, कडा गोलसर झालेल्या. खरा.

तुघ्र्यात खालच्या थरात 'महमूद' वाचता आलं, वरचं नाव 'अब्दुल'ने सुरू होतंय इथपर्यंत दिसलं, पुढचं झिजलेलं. म्हणजे बाप महमूद, मुलगा अब्दुलमजीद किंवा अब्दुलअझीज. आमच्या सहकाऱ्याचा कल अब्दुलअझीजकडे होता, नक्षीच्या वळणावरून. मी म्हटलं कल रिपोर्टमध्ये लिहू, पण तारीख म्हणून 1839 ते 1876 एवढंच टाकू. एक नाव टाकलं असतं तर कागद भारदस्त दिसला असता, पण उद्या दुसऱ्या कुणी शिक्का वेगळा वाचला तर पूर्ण रिपोर्टवरचाच भरवसा उडतो. सारियेरच्या सादबेर्क हानुम म्युझियममध्ये तुघ्र्याच्या चांदीचा चांगला संग्रह आहे, तिथे जाऊन त्या काळातल्या वस्तूंशी काम ताडून पाहिलं, घडण जुळत होती.

आता खोट. मूठ कधीतरी तुटलेली आणि कथील-शिशाने जोडलेली, सांध्याला करडी गाठ दिसतच होती, मशीनने पण तिथे कथील आणि शिसं दाखवलं. काच मूळची नाही. पाठ उघडून नुसत्या चांदीचं वजन घ्यायचं का, हा एक निर्णय होता. एकूण वजन 540 ग्रॅम, त्यात काच आणि आतली लाकडी फळी. उघडलं असतं तर नेमकं वजन मिळालं असतं, पण कडेची दुमडलेली पट्टी उचलावी लागली असती आणि जुनी पातळ चांदी वाकवली की चिरते. आरशाची किंमत वजनावर ठरणारच नव्हती, मग त्यासाठी धोका कशाला? चांदी अंदाजे 250 ग्रॅम धरून सोडून दिलं.

बाकीच्या वस्तू

सहा झार्फ एका सेटचे नव्हते. चार तारकामाचे, कुठलाही शिक्का नाही. तारकामात शिक्का मारायला जागाच नसते, बरंचसं स्थानिक काम बिनशिक्क्याचंच, त्यामुळे शिक्का नाही म्हणून ते टाकाऊ होत नाहीत. दोनवर व्हिएन्नाचा शिक्का निघाला, डायना देवीचं डोकं आणि 3 आकडा, म्हणजे 800 ची ऑस्ट्रियन चांदी, 1867 ते 1922 मधली. उस्मानी बाजारासाठी युरोपातून असा माल येत असे, वापराने ते उस्मानी, घडणीने नाहीत. रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं. गुलाबदाणी-धूपदाणीवर तिन्ही खुणा होत्या, तुघ्रा अब्दुलहमीद दुसऱ्याचा, वाद नाही. डबी व्हानची, किल्ल्याचं चित्र, काळा मिना एका कोपऱ्यात उडालेला.

कोणते पर्याय होते

पहिला, सगळं मोडीत देणं. तबकात शुद्ध चांदी 1,305 ग्रॅम, म्हणजे सुमारे 42 ट्रॉय औंस, आणि आरशात त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा. मोडीच्या हिशोबात सगळ्यात नवी वस्तू सगळ्यात महाग ठरते आणि सगळ्यात सुंदर वस्तू कवडीमोल. मी हा पर्याय मधल्याला शांतपणे समजावून सांगितला, पण आत जीव तुटत होता, कारण असे किती आरसे भट्टीत गेले असतील याची मोजदाद नाही.

दुसरा, इस्तंबूलमध्ये लिलावाला देणं. तिसरा, थोरलीच्या मनातला, लंडनला पाठवणं. चौथा, घरातच ठेवून किंमत लावून वाटून घेणं.

तिसऱ्या पर्यायावर कायद्याने पाणी पडलं. तुर्कस्तानात 1983 चा 2863 क्रमांकाचा कायदा आहे, सांस्कृतिक वारसा जपण्याचा. लोकजीवनातल्या जुन्या वस्तू देशात विकता येतात, देता येतात, पण जपणुकीत मोडणारी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, नेली तर फौजदारी गुन्हा. धाकटी म्हणत होती, "आब्ला (ताई), आजीचा आरसा आहे, माझ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेईन, कोण बघतंय?" आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. घरचा वारसा आहे हे विमानतळावर पटवता येत नाही. कुठली वस्तू कायद्यात येते हे ठरवायचा अधिकार म्युझियमच्या तज्ज्ञांचा, म्हणून सगळ्या वस्तू म्युझियम संचालनालयात नेल्या.

तिथला निकाल: आरसा, गुलाबदाणी-धूपदाणी, झार्फ आणि डबी देशाबाहेर जाणार नाहीत. तबक जुन्या वारशात येत नाही, तसा लेखी कागद मिळाला, ते नेता येईल.

आणि इथे किमतीचं गणित पण बदललं. जो आरसा इस्तंबूल सोडून जाऊच शकत नाही त्याला लंडनचा भाव लावता येत नाही, त्याचे गिऱ्हाईक तुर्कस्तानातलेच. शिवाय लिलावात छापून येतो तो आकडा बरेचदा खरेदीदाराने भरलेल्या कमिशनसकट असतो, विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं. थोरलीचे आकडे चुकीचे नव्हते, दुसऱ्या बाजारातले होते.

काय केलं

चौथा पर्याय ठरला. मूल्य कुठल्या हिशोबाचं लावायचं हे आधी कागदावर लिहिलं: इस्तंबूलमध्ये आज समजूतदार गिऱ्हाईकाला घाई न करता विकलं तर विकणाऱ्याच्या हातात काय पडेल. विम्यासाठी लावतात तसा, तशीच वस्तू नव्याने घ्यायला लागेल तो भाव नाही, आणि मोडीचाही नाही. वाटणीत हेच एक वाक्य सगळ्यात कामाला आलं.

दुसरं, लिरात हिशोब ठेवायचा नाही असं मधल्यानेच सुचवलं. लिराची घसरण एवढी की आज ठरलेला फरक सहा महिन्यांनी दिला तर घेणारा बुडतो. तिथे लोक मोठे व्यवहार ग्रॅम सोन्यात मोजतात, तसंच केलं. आरसा 22 ग्रॅम सोनं (मुठीचं झाळकाम आणि बदललेली काच वजा करून), तबक 18, गुलाबदाणी-धूपदाणी 12, सहा झार्फ 9, डबी 8. एकूण 69, प्रत्येकी 23.

शेवटी काय झालं

आरसा थोरलीकडे राहिला, कारण तो देशातच राहणार. तबक धाकटीने नेलं, म्युझियमचा कागद सोबत घेऊन. सगळं विका म्हणणाऱ्या मधल्याने बाकीच्या वस्तू ठेवल्या, 29 ग्रॅमच्या झाल्या, म्हणून त्याने धाकटीला 5 आणि थोरलीला 1 ग्रॅम सोनं दिलं. धाकटी थोडी रडली, आरसा मिळाला नाही म्हणून. थोरलीने लिहून दिलंय की आरसा विकायचा झाला तर आधी धाकटीला विचारायचं, आणि धाकटीच्या मुलीचं लग्न इस्तंबूलमध्ये झालं तर तो आरसा त्या लग्नात मांडायचा.

काय वेगळं करता आलं असतं

बाजारात नेण्याआधी फोटो आणि वजन व्हायला हवं होतं. तेजाबाचा डाग टळला असता. कस बघायचाच असेल तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, आणि आता एक्सआरएफ सहज उपलब्ध असताना तेजाबाची गरजच नाही. फक्त मशीनवर पण आंधळा विश्वास नको, ते वरचा थरच वाचतं, आणि जुन्या चांदीचा वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध निघू शकतो, म्हणून तीन-चार जागी घ्यायचं आणि सांधे टाळायचे.

थोरलीने आम्ही यायच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार म्हणून दोन झार्फ पॉलिशने चकचकीत केले होते. तारकामाच्या खाचांत पांढरी पावडर अडकून बसली, ती लाकडी काडीने काढता काढता दुपार गेली. शिक्के वाचून होईपर्यंत कशालाही पॉलिश लावू नका, शिक्क्यातला काळा थरच अक्षरं दाखवतो.

म्युझियमची पायरी सगळ्यात आधी घ्यायला हवी होती. देशाबाहेर काय जाऊ शकतं हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर धाकटीने आरशाची आस एवढी धरली नसती. तुम्ही तुर्कस्तानातून जुनी चांदी घ्यायच्या विचारात असाल तर दुकानदाराचं "काही होत नाही" ऐकू नका, वस्तू जुन्या वारशात येत नाही असा म्युझियमचा लेखी कागद मागा, आणि कागद नसेल तर ती वस्तू तिथेच राहू द्या.

आरशाच्या मुठीचा प्रश्न अजून बाकी आहे. कथील-शिशाची गाठ काढून चांदीने परत जोडायची का, की आहे तशी राहू द्यायची? चांदीने झाळायला खूप जास्त उष्णता लागते, आणि शिशाचा अंश थोडा जरी मागे राहिला तर तापवल्यावर ते चांदीलाच खाऊन भोक पाडतं. माझं मत हात लावू नये. थोरली अजून विचार करतेय.